समुपदेशकाला सांगितलेलं एचआरला कळेल का?

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. वय ३१. बाबा गेल्यापासून झोप उडाली आहे, मीटिंगमध्ये अचानक छातीत धडधडतं. कंपनीची मोफत समुपदेशन हेल्पलाइन आहे, पण सहकारी म्हणतात, 'तिथे बोललं की सगळं एचआरकडे जातं.' एप्रिलमध्ये अप्रेझल आहे. फोन करू का?
– एक वाचक, वाकड

उत्तर : कर गं. अप्रेझल होईपर्यंत थांबू नकोस. बाबा गेल्याचं दुःख आणि वर नोकरीची धास्ती, दोन्ही एकटीने सोसते आहेस.

अशी हेल्पलाइन बहुतेक वेळा बाहेरची संस्था चालवते. पैसे कंपनी भरते, पण तिला सहसा एकत्रित आकडेच मिळतात : किती जणांनी फोन केले, ताण कामाचा होता की घरचा. नावं जात नाहीत. समुपदेशक कंपनीच्याच पगारावर असेल आणि एचआरला रिपोर्ट करत असेल, तर मात्र सावध राहा.

म्हणून मनातलं काही सांगण्याआधी सरळ विचार : 'मी फोन केला हे कंपनीत कोणाला कळतं? नोंदी कुठे राहतात? तुम्ही गुप्तता कधी मोडता?' चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. उत्तर गोलमोल आलं तर खुशाल फोन ठेव.

गुप्ततेला अपवाद असतात : कोणाच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने गुप्ततेचा हक्कच दिला आहे. झोप न लागणं, बाबांच्या आठवणीने रडू येणं, मॅनेजरचा राग येणं, हे कुठल्याच अपवादात बसत नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. ऑफिसच्या लॅपटॉपवरून केलेलं लॉगिन, कंपनीच्या ईमेलवर आलेलं अपॉइंटमेंटचं कन्फर्मेशन, सगळ्या टीमला दिसणाऱ्या कॅलेंडरवर 'काउन्सेलिंग, ४ वाजता'. बातमी फुटायला एवढं पुरतं. स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल वापर, कॅलेंडरवर नुसतं 'बिझी' टाक.

तरीही मन धजत नसेल, तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं आणि तुझ्या कंपनीशी त्याचा काडीचा संबंध नाही. छातीत धडधडतं त्यासाठी याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांनाही दाखवून ये.