टेम्प्लेट एकाच्याच हाती असू द्या

टीममध्ये नवीन आहात, तर आधी एवढं ठरवून घ्या: वर्डच्या मूळ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ज्या साच्यावरून सगळ्या फाइल्स बनतात त्यात, बदल एकानेच करायचा, बाकीच्यांना ते फक्त वाचण्यापुरतं खुलं.

खरा घोळ स्टाइल्समध्ये, म्हणजे नाव देऊन जपलेल्या अक्षर-परिच्छेदांच्या मांडणीत, होतो. वर्डमध्ये ‘मॉडिफाय स्टाइल’च्या चौकटीत ‘ऑटोमॅटिकली अपडेट’वर टिक असेल, तर कुणी एक परिच्छेद हाताने ठळक केला की त्या स्टाइलचे सगळेच परिच्छेद ठळक होतात. ती टिक काढाच.

दुसऱ्या फाइलमधला मजकूर ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने (मांडणी सोडून फक्त अक्षरं आणणारा पर्याय) पेस्ट करा आणि मग आपली स्टाइल लावा. कंटाळवाणं आहे खरं, पण नाहीतर परक्या स्टाइल्स यादीत साचत जातात. चित्रं मात्र यात गळतात आणि तक्ते मोडतात, ते वेगळे आणा.