वाचकांचे प्रश्न : पाहुण्यांचे व्याख्यान आणि क्लबचे घड्याळ

रोटरी, लायन्स आणि गावोगावच्या सेवा मंडळांच्या कार्यक्रम समित्यांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे दिली आहेत.

आमची साप्ताहिक सभा साडेसातची. वक्त्यांना ४० मिनिटे सांगितलेली असतात, पण माइक त्यांच्या हाती येतो तेव्हा सव्वाआठ वाजलेले असतात आणि मागे जेवणाची ताटे वाजायला लागतात. काय करावे? — एका रोटरी क्लबचे सचिव, सातारा जिल्हा

वेळ कुठे जातो ते एकदा घड्याळ लावून लिहून काढा. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, फोर-वे टेस्टला (रोटरीचे चार प्रश्न, जे सभेत एकत्र म्हणतात) अर्धा मिनिट. त्यात काही जात नाही. वेळ जातो वाढदिवसांत. सहा सदस्यांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस असतील, तर एकेकाने उठायचे, पुढे यायचे, बॅज घ्यायचा, फोटोसाठी थांबायचे, परत जाऊन बसायचे. माणशी दीड मिनिट धरले तरी नऊ मिनिटे झाली. सहाही जणांना एकदम पुढे बोलवा, एकच टाळी, एकच फोटो. दोन मिनिटांत उरकते आणि कुणी रागावत नाही. त्यानंतर येतात ‘फक्त दोनच मिनिटं’वाल्या सूचना. अशा चार जणांची वीस मिनिटे होतात. सूचना आदल्या दिवशी सचिवाकडे लेखी द्यायच्या आणि सभेत त्या एकट्या सचिवानेच वाचायच्या, असा नियम करा.

साडेसातच्या सभेची चालणारी आखणी अशी : ७.३० ला घंटा, राष्ट्रगीत, फोर-वे टेस्ट. ७.३४ ला वाढदिवस. ७.३६ ला सचिवाच्या सूचना, त्याही त्याच आठवड्यात करायच्या कामांपुरत्या. ७.४२ ला एका प्रकल्पाचा अहवाल. ७.४६ ला पाहुण्यांचा परिचय. ७.४८ ते ८.१३ व्याख्यान. मग दहा मिनिटे प्रश्नोत्तरे, तीन मिनिटे आभार आणि स्मृतिचिन्ह. उरलेल्या सूचना त्यानंतर घ्या आणि ८.३५ ला घंटा वाजवा. हॅपी मनीसारखे (आनंदाची बातमी सांगून क्लबला थोडे पैसे देण्याचे) प्रकारही पाहुण्यांच्या नंतरच. लायन्समध्ये टेल ट्विस्टरचा (गमतीने दंड करणाऱ्या पदाधिकाऱ्याचा) दंडवसुलीचा कार्यक्रम रंगात आला की आवरत नाही, म्हणून त्यालाही शेवटचीच जागा द्या.

पाहुण्यांना ४० नव्हे, २५ मिनिटे सांगा आणि ती पूर्ण द्या. मराठीत सावकाश, समजेल असे बोलताना मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे २५ मिनिटांत पावणेतीन हजार. एक विषय नीट मांडायला तेवढे पुरतात. ४० सांगून १५ दिली की वक्ता तयारीतला मधला भाग गाळतो, आणि नेमका तोच कामाचा असतो.

आणखी एक. केटररला ८.४० ची वेळ द्या आणि ८.३० पूर्वी चेफिंग डिशची झाकणे उघडायची नाहीत असे बजावा. मसालेभाताचा वास सुटल्यावर भूजलाच्या पातळीवरच्या व्याख्यानाकडे कुणाचे लक्ष राहत नाही.

पाहुण्यांना निमंत्रण देताना नेमके काय कळवावे? आमच्याकडे ‘आरोग्य या विषयावर बोला’ असे सांगतात. — कार्यक्रम प्रमुख, बार्शी

‘आरोग्य’ सांगितले की डॉक्टर रोजचेच बोलतात : साखर कमी खा, चाला, ताण घेऊ नका. विषयाला एका प्रश्नाचे रूप द्या. ‘हृदयविकार’ऐवजी ‘रात्री दोनला छातीत दुखायला लागले तर पहिल्या तासात घरच्यांनी काय करायचे?’ असे विचारा. ‘सर्पदंश’ऐवजी ‘नाग, मण्यार, घोणस, फुरसे ओळखता नाही आले तरी काय करायचे, काय करायचे नाही, आणि आपल्या तालुक्यात लस कुठे मिळते?’ हा विषय पावसाळ्याच्या तोंडावर ठेवला, तर ज्यांना शेतावर जायचे असते ते आवर्जून येतील.

निमंत्रणाच्या संदेशात पुढच्या गोष्टी हव्यात : दिनांक आणि वार, वक्त्याने पोहोचण्याची वेळ (सभेची नव्हे), बोलण्याची मिनिटे, प्रश्नोत्तरांची मिनिटे, श्रोते किती आणि कोण, पडदा व प्रोजेक्टर आहे की नाही, मराठीत बोलायचे की मिश्र, जेवण आहे का, न्यायला कोण येणार आणि त्यांचा फोन नंबर. श्रोत्यांबद्दल एक ओळ जास्तीची घाला. ‘चाळीस जण, निम्मे व्यापारी, दहा जण साठीच्या पुढचे, सहा-सात जण सपत्नीक’ एवढ्यावरून वक्ता उदाहरणे बदलतो.

तीन आठवडे आधी निमंत्रण, एक आठवडा आधी फोन, आदल्या दिवशी संध्याकाळी एक संदेश. हा शेवटचा संदेश चुकला की घोटाळे होतात. सरकारी अधिकारी तर ऐनवेळच्या बैठकीला अडकतातच, म्हणून प्रत्येक महिन्यासाठी क्लबमधलाच एक सदस्य राखीव वक्ता ठेवा. त्याने आपल्या धंद्यावर २० मिनिटे बोलायचे. रोटरीत जानेवारी हा व्यवसाय सेवेचा महिना असतोच. जिनिंग कसे चालते, गूळ कसा बांधतात हे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही ठाऊक नसते.

परिचय करून देताना बायोडेटाची दोन पाने वाचावी लागतात. टाळता येईल का? — सदस्या, कोल्हापूर

टाळाच. बायोडेटा नोकरीसाठी असतो. परिचयात तीनच गोष्टी सांगायच्या : हा माणूस या विषयावर बोलायला का लायक आहे, विषय आपल्याशी कसा जोडलेला आहे, आणि सर्वांत शेवटी नाव. साठ ते नव्वद शब्द पुरेत. नमुना बघा :

“आजचे पाहुणे गेली २२ वर्षे भूजल सर्वेक्षणात आहेत. तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजणाऱ्या पथकात ते काम करतात. आपल्या कॉलनीतल्या बोअर ४०० फुटांवरून ६०० वर का गेल्या आणि छतावरचे पाणी त्यात सोडले तर खरेच फरक पडतो का, हे ते सांगणार आहेत. टाळ्यांनी स्वागत करूया…”

मग नाव. हा मजकूर पाहुण्यांना आधी वाचून दाखवा. आडनावाचा उच्चार आणि हुद्दा या दोन जागी सर्वाधिक चुका होतात. ‘त्यांना परिचयाची गरज नाही’ असे म्हणून पुढे पाच मिनिटे परिचय करून देऊ नका. आणि त्यांचे मुद्दे आधीच सांगून टाकू नका, व्याख्यान त्यांचे आहे.

गेल्या महिन्यात वक्त्यांची मराठी स्लाइड आमच्या लॅपटॉपवर उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. शिवाय माइक शिट्टी मारत होता. — एका लायन्स क्लबचे खजिनदार, नाशिक जिल्हा

खिचडीचे कारण फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो. मराठी दिसते ते फक्त त्या फॉन्टमुळे. तो फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर नसेल, तर खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. उपाय दोन. वक्त्यांना फाइल युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत) करायला सांगा, मंगल किंवा निर्मला फॉन्ट चालेल. ते जमत नसेल तर त्यांच्याच संगणकावर पीडीएफ करून मागवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत येतो, मात्र व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशन चालत नाही, हे त्यांना आधी सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. स्लाइडचे फोटो पाठवले तर ते दाबले जाऊन पडद्यावर पुसट दिसतात.

अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. एका स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर असेल, तर वक्ता वाचत बसतो आणि श्रोते त्याच्या आधी वाचून संपवतात.

जोडणी सभेच्या ४५ मिनिटे आधी करा. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए वायर लागते, नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सीचे भोक असते. दोन्हींचा अ‍ॅडॉप्टर क्लबच्या पेटीतच ठेवा. पडद्यावर काही दिसत नसेल तर विंडोजवर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. व्हिडिओ असेल तर एक ठेच हमखास लागते. प्रोजेक्टरला एचडीएमआय वायर जोडली की आवाज लॅपटॉपमधून न येता प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरमधून येतो आणि मागच्या रांगेला काहीच ऐकू जात नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून हॉलच्या साउंड मिक्सरला जाणारी वेगळी वायर लावा आणि सेटिंगमध्ये आवाजाची वाट बदला.

आता शिट्टी. स्पीकर बॉक्समधून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो, पुन्हा शिरतो, म्हणून ती होते. बॉक्स वक्त्याच्या मागे किंवा बाजूला असतील तर होणारच. ते पोडियमच्या पुढच्या रेषेत, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. शिट्टी सुरू झाली की बरेच जण माइकच्या जाळीवर मूठ आवळतात. त्याने ती वाढते, कारण जाळी झाकली की माइक एका दिशेचा न राहता चहूकडचा आवाज ओढायला लागतो. हात काढा, माइक तोंडाजवळ चार बोटांवर आणा आणि आवाजाची कळ थोडी खाली करा. माइक लांब धरल्यामुळे आवाज वाढवावा लागतो आणि वाढवल्यामुळे शिट्टी होते, असे ते चक्र आहे.

रिकाम्या हॉलमध्ये ‘हॅलो, हॅलो’ खणखणीत वाटते, पण माणसे बसली की आवाज शोषला जातो. तेव्हा चाचणीच्या वेळी ठरवलेल्या खुणेपेक्षा एखादी रेघ वर न्यावी लागते, हे ऑपरेटरने लक्षात ठेवावे. कॉर्डलेस माइकला दर सभेला नवे सेल घाला; काढलेले सेल घड्याळाला चालतात. लॅपटॉप वक्त्याच्या समोर ठेवा. तो बाजूला असेल, तर वक्ता पडद्याकडे वळून बोलतो आणि पोडियमच्या माइकसमोर तोंडाऐवजी त्याचा कान येतो.

प्रश्नोत्तरांत एक तर कुणी उठत नाही, नाहीतर एकच ज्येष्ठ सदस्य दहा मिनिटे बोलतात. — अध्यक्ष, अकोला

एफोर कागदाचे चार तुकडे करून प्रत्येक टेबलावर चिठ्ठ्या आणि दोन पेने ठेवा. व्याख्यानाच्या विसाव्या मिनिटाला त्या गोळा करा आणि अध्यक्षांनी निवडून वाचा. ज्यांना उठून बोलायचा संकोच असतो त्यांचे प्रश्न असे बाहेर येतात, आणि तेच बहुधा चांगले असतात. पहिला प्रश्न एखाद्या सदस्याला आधीच तयार ठेवायला सांगा, म्हणजे ती अवघडलेली शांतता टळते. प्रश्न माइकवर पुन्हा म्हणा. नाहीतर मागच्यांना फक्त उत्तर ऐकू येते आणि ते आपसांत बोलू लागतात.

ज्येष्ठांसाठी एक वाक्य पाठ ठेवा : “साहेब, प्रश्न एका वाक्यात द्या, म्हणजे उत्तराला वेळ राहील.” हे अध्यक्षांनीच म्हणायचे, पाहुण्यांवर ती पाळी आणायची नाही. डॉक्टर असतील तर स्वतःचे रिपोर्ट बाहेर काढणाऱ्यांना जेवणाच्या वेळी भेटायला सांगा. खरे तर तेव्हाही डॉक्टरांना जेवू द्यावे.

वक्ते व्याख्यानाच्या शेवटी आपली गुंतवणूक योजना विकायला लागले. आधी कसे ओळखावे? निवडणुकीच्या काळात उमेदवाराला बोलवावे का? — सदस्य, छत्रपती संभाजीनगर

वक्ता स्वतःहून विचारत आला, मानधन नको म्हणाला आणि वर जेवणाचा खर्चही देतो म्हणाला, तर विक्री येणार हे धरून चाला. निमंत्रणातच लिहा : उत्पादनाचे नाव, दर, पत्रके, फोन नंबरांची यादी फिरवणे चालणार नाही. गुंतवणुकीवर बोलणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नोंदणीकृत सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. म्युच्युअल फंड वितरकाकडे एआरएन हा वेगळा नोंदणी क्रमांक असतो. असा वक्ता वितरक असतो, सल्लागार नव्हे, आणि परिचयात तसेच म्हणावे. ‘खात्रीशीर परतावा’ हा शब्द स्लाइडमध्ये दिसला तर कार्यक्रम रद्द करा, भीड बाळगू नका. एवढे करूनही विक्री सुरू झालीच तर अध्यक्षांनी उठून ‘आता प्रश्न घेऊया’ म्हणावे.

उमेदवाराबाबत : रोटरी क्लबला कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. लायन्सच्या उद्दिष्टांतही सार्वजनिक प्रश्नांवर मोकळी चर्चा हवी, पण सदस्यांनी पक्षीय राजकारण आणि पंथीय धर्म यांवर वाद घालू नये, असे म्हटले आहे. बोलवायचेच तर सर्व उमेदवारांना एकाच दिवशी, सारखी मिनिटे देऊन बोलवा. एकालाच बोलावून ‘अराजकीय कार्यक्रम’ म्हणण्यात अर्थ नाही. आम्ही तर मतदान होईपर्यंत हा विषयच बाजूला ठेवू.

मानधन किती द्यावे? शाल-श्रीफळ पुरेसे आहे का? — बेळगाव

गावातल्या वक्त्याला मानधन नसले तरी चालते, बाहेरगावच्याला प्रवासखर्च मात्र न मागता द्या, आणि तो भाषणाआधी विचारून ठरवा. पाकीट चारचौघांत देऊ नका. स्मृतिचिन्हाच्या ट्रॉफ्या वक्त्यांच्या घरी माळ्यावर साचतात. पुस्तक किंवा रोपटे बरे. एसटीने परत जाणाऱ्याला कुंडीसकट रोपटे देणे मात्र शिक्षाच.

आमच्या क्लबचे एक जुने सदस्य न्यू जर्सीत असतात. त्यांचे ऑनलाइन व्याख्यान साडेसातला ठेवता येईल का? — सचिव, सांगली

येईल. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजता तिथे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात नऊ. तिकडची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्या आठवड्यांत सभा असेल तर संदेशात दोन्हीकडची वेळ लिहा. त्यांच्या सुट्टीचा वार विचारा, कारण आपला बुधवार संध्याकाळ म्हणजे त्यांची ऑफिसची सकाळ. इंटरनेट हॉलच्या वायफायवर न ठेवता वायरने किंवा वेगळ्या मोबाइल डेटावर घ्या, आणि दहा मिनिटांची ध्वनिमुद्रित चित्रफीत आधीच मागवून लॅपटॉपवर ठेवा. लाइन तुटलीच तर ती लावून बाकीचे काम होते.