अभिकर्ता, मुखत्यार, दलाल आणि ‘च्या वतीने’

विचारणा अशी आहे. व्यापारी नेमणुकीच्या एका कराराचा मराठी मसुदा करायचा आहे. त्यात ‘एजंट’ला अभिकर्ता म्हणावे, प्रतिनिधी म्हणावे, मुखत्यार म्हणावे की दलाल, ज्याच्यासाठी तो काम करतो त्याला काय म्हणावे, ‘एजंटची जबाबदारी’ एवढे कलमशीर्षक पुरेसे आहे का, आणि पुढे त्या एजंटाने सही करताना ‘च्या वतीने’, ‘तर्फे’ आणि ‘करिता’ यांत फरक मानावा का? प्रश्नाची सुरुवात नामांपासून झाली असली, तरी त्याचे खरे उत्तर शेवटच्या भागात आहे असे मला वाटते, कारण व्यवहारात कोण बांधला जातो हे मराठीत नामापेक्षा त्याला जोडून येणाऱ्या शब्दयोगी अव्ययावरून अधिक नेमके कळते. म्हणून मी तेथूनच आरंभ करतो.

पावतीवर ‘हस्ते’ लिहून पुढे ज्याचे नाव येते, त्याचा संबंध रक्कम पोचती करण्यापुरता असतो. पैसे एकाचे, पावती त्याच्याच नावाची, हात तेवढा दुसऱ्याचा. ‘मार्फत’ म्हटले की मधल्या माणसाचे काम थोडे वाढते. ‘दलालामार्फत जागा घेतली’ या वाक्यात दलालाने दोघांची गाठ घालून दिली, भाव जुळवला, पण होकार ज्याचा त्याने दिला आणि करार त्या दोघांतच झाला. ‘वतीने’ आणि ‘तर्फे’ ही अव्यये आली की बोलणारा एक आणि बांधला जाणारा दुसरा अशी स्थिती होते. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाचे, म्हणजे ज्याला आपण कराराचा कायदा म्हणतो त्याचे, दहावे प्रकरण याच स्थितीविषयी आहे. कलम १८२ नुसार दुसऱ्यासाठी एखादे काम करण्यास किंवा तिसऱ्या व्यक्तींशी होणाऱ्या व्यवहारांत दुसऱ्याच्या जागी उभे राहण्यास जो नेमला जातो तो अभिकर्ता होय. आणि कलम २२६ सांगते की त्याने केलेले करार नेमणाऱ्याने जातीने केल्यासारखेच अमलात आणता येतात.

‘तर्फे’ हा शब्द अरबी ‘तरफ’वरून आला, त्याचा अर्थ बाजू. महसुली गावांच्या नावांत दिसणारा ‘तर्फे’ त्याच घराण्यातला आहे. ‘वादीतर्फे वकील’ असे आपण म्हणतो तेव्हा तो वकील वादीच्या बाजूने उभा आहे एवढे कळते, पण त्याला उभे राहण्याचा अधिकार कोठून मिळाला हे त्या शब्दावरून कळत नाही, आणि मसुद्यात नेमके तेच लिहावे लागते. सातबाऱ्यावर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे येतात. अज्ञान पालनकर्ता हाही दुसऱ्याच्या वतीनेच वागतो, परंतु त्याला त्या मुलाने नेमलेले नसते, त्याचा अधिकार कायद्यातून आलेला असतो आणि म्हणून तो अभिकर्ता नव्हे. उलट खरेदीखतात ‘लिहून देणार अमुक, तर्फे कुलमुखत्यारधारक तमुक’ असे असते, तेथे ‘तर्फे’च्या लगेच पुढे अधिकाराचा उगमही सांगितलेला असतो. हीच पद्धत मला सर्वांत निर्दोष वाटते: कोणाचे काम, कोणाचा हात आणि कोणत्या लेखाने, या तिन्ही गोष्टी एका ओळीत येतात.

‘करिता’ मात्र सावधपणे वापरावा. ‘मुलाकरिता घर घेतले’ या वाक्यात घर कोणाच्या नावावर झाले हे सांगता येत नाही. वडिलांनी स्वतःच्या नावाने घेतले आणि मुलाने राहावे असा हेतू ठेवला, असाही त्याचा अर्थ होतो. म्हणजे हा शब्द हेतू सांगतो, प्रतिनिधित्व सांगेलच असे नाही. सरकारी पत्रांत ‘जिल्हाधिकारी करिता’ असे लिहून हाताखालचा अधिकारी सही करतो, तेथे तो संकेत रूढ आहे आणि कोणाची फसगत होत नाही. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही जी ओळ असते, ती याहून काटेकोर आहे. तिच्यामागे राज्यघटनेचा १६६ वा अनुच्छेद आहे. शासनाच्या करारांविषयीच्या २९९ व्या अनुच्छेदात तर ‘नावाने’ आणि ‘वतीने’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत: राज्याचा करार राज्यपालांनी केला असे त्यात व्यक्त झाले पाहिजे आणि तो त्यांच्या वतीने अधिकृत व्यक्तीने निष्पादित केला पाहिजे, म्हणजे सही करून पुरा केला पाहिजे, आणि असा करार झाल्यावर राज्यपाल किंवा सही करणारा अधिकारी, कोणीही त्यासाठी व्यक्तिशः जबाबदार राहत नाही. खासगी व्यवहारात सही करणाऱ्याला असे आयते संरक्षण राज्यघटना देत नाही. तेथे त्याने स्वतःच ते शब्दांनी उभे करावे लागते.

हे किती गंभीर आहे ते वचनचिठ्ठी, हुंडी आणि धनादेश यांत दिसते. समजा, एका पेढीच्या व्यवस्थापकाने पेढीच्या कामासाठी माल घेतला आणि पैशाबद्दल वचनचिठ्ठी लिहून दिली. खाली त्याने आपले नाव लिहिले, सही केली आणि आणखी काही लिहिले नाही. १८८१ च्या परक्राम्य लेख अधिनियमाचे, म्हणजे अशाच लेखांविषयीच्या कायद्याचे, कलम २८ म्हणते की आपण अभिकर्ता म्हणून सही करत आहोत किंवा व्यक्तिगत जबाबदारी घेण्याचा आपला हेतू नाही हे ज्याने त्या लेखावर दर्शवले नाही, तो त्या लेखावर स्वतः देणेकरी होतो. अपवाद फक्त त्यांच्यापुरता, ज्यांनी ‘देणे पेढीचेच राहील’ असा भरवसा देऊन त्याची सही घेतली. त्याने नावाखाली ‘व्यवस्थापक’ एवढाच शब्द लिहिला असता तरी चिंता संपली नसती, कारण तो हुद्दा म्हणजे सही करणारा कोण आहे याचे निव्वळ वर्णन आहे, असा युक्तिवाद समोरचा करू शकतो. तेच त्याने ‘अमुक पेढीच्या वतीने, अधिकृत अभिकर्ता या नात्याने’ असे लिहिले असते, तर देण्याचा भार जेथे पडायला हवा तेथेच पडला असता. ‘नात्याने’ हा शब्द आपण भाषणांत फार सैल वापरतो. दस्तात मात्र तो सोन्याच्या मोलाचा आहे.

आता नामांकडे वळू. ‘अभिकर्ता’ हा घडवलेला शब्द आहे, बोलण्यात तो येत नाही, आणि म्हणूनच व्याख्येसाठी तो चांगला, कारण त्याच्यावर जुन्या अर्थांचे ओझे नाही. ‘मुखत्यार’ जुना आणि रुळलेला आहे, पण रोजच्या मराठीत ‘तो आपल्या मनाचा मुखत्यार आहे’ म्हणजे त्याला कोणी विचारणारे नाही, असा जवळजवळ उलटा अर्थ होतो. कायद्यातल्या मुखत्याराला तर मुखत्यारपत्रात लिहिले आहे तेवढाच अधिकार असतो आणि ते पत्र न्यायालये काटेकोरपणे वाचतात. म्हणून लेखी मुखत्यारपत्र दिले असेल तेथेच हा शब्द योजावा. ‘दलाल’ गाठ घालून देतो. ‘अडत्या’ माल ताब्यात घेऊन विकतो. या दोघांची कामे वेगळी आहेत आणि मसुद्यात त्यांची अदलाबदल करू नये. ‘प्रतिनिधी’ फार विस्तृत आहे: लोकप्रतिनिधीही प्रतिनिधीच, पण त्याने केलेल्या खासगी कराराने मतदार बांधले जात नाहीत. ‘वकील’ हा शब्द एके काळी या सर्वांना पुरला असता. पेशवाईत दरबारोदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा तो वकील. आज तो न्यायालयापुरता उरला आहे.

नेमणाऱ्याला काय म्हणावे, हा भाग खरोखर अवघड आहे. ‘मालक’ अनेक जण लिहितात, आणि कराराच्या कायद्याच्या हिंदी पाठातही ‘मालिक’ आहे. पण मालक म्हटले की समोर नोकर उभा राहतो, आणि अभिकर्ता नोकर असलाच पाहिजे असे नाही. ‘प्रधान’ हे संस्कृत अर्थाने बरोबर आहे, परंतु मराठी माणसाच्या मनात प्रधान म्हणजे अष्टप्रधानांतला प्रधान, राजाच्या वतीने कारभार पाहणारा. म्हणजे ज्याच्यासाठी शब्द हवा त्याच्या नेमका उलट टोकाचा माणूस. ‘धनी’ हा जुन्या पेढ्यांतला शब्द गुमास्त्याशी उत्तम जोडी जमवतो, पण आज तो जुनाट वाटेल. माझा कौल ‘मुख्य पक्ष’ या शब्दाला आहे, आणि व्याख्येच्या कलमात ‘ज्याच्या वतीने अभिकर्ता काम करील तो’ असे एकदा स्पष्ट लिहावे. समोरच्या माणसाला ‘त्रयस्थ’ म्हणणे मला पटत नाही. त्रयस्थ म्हणजे ज्याचा त्या प्रकरणाशी संबंध नाही, जो तटस्थ आहे असा. येथे तर तो कराराचे दुसरे टोक धरून बसला आहे. ‘तिसरी व्यक्ती’ हेच बरे.

‘एजंटची जबाबदारी’ या शीर्षकाबद्दल माझा आक्षेप सर्वांत तीव्र आहे. ‘जबाबदारी’ या एका शब्दात मराठी दोन गोष्टी कोंबते: करायचे काम आणि ते बिघडल्यावर भरून द्यायचे देणे. शिवाय ती कोणाप्रती, हे शीर्षक सांगत नाही. म्हणून ‘मुख्य पक्षाप्रती अभिकर्त्याची कर्तव्ये’ आणि ‘तिसऱ्या व्यक्तीप्रती अभिकर्त्याचे दायित्व’ अशी दोन स्वतंत्र कलमे करावीत.

पहिल्या कलमात कराराच्या कायद्याने सांगितलेली कर्तव्ये येतील; येथून पुढचे कलमांचे आकडे त्याच कायद्याचे आहेत. कलम २११ प्रमाणे मुख्य पक्षाच्या सूचनेनुसार, सूचना नसेल तर त्या धंद्याच्या त्या ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे काम करणे, आणि वेगळे वागून तोटा झाला तर तो भरून देणे, नफा झाला तर त्याचा हिशेब देणे. कलम २१२ प्रमाणे योग्य कौशल्य आणि तत्परता दाखवणे, पण हयगयीच्या थेट परिणामांपुरतीच भरपाई देणे, दूरान्वयाने आलेल्या नुकसानीची नव्हे. मागितल्यावर हिशेब देणे, अडचण आली तर मुख्य पक्षाशी संपर्क साधून त्याच्या सूचना घेण्याचा सर्व वाजवी प्रयत्न करणे, आणि त्याच्या नावे आलेली रक्कम आपले घेणे वजा करून त्याला देणे, ही २१३, २१४ आणि २१८ या कलमांतली कर्तव्ये आहेत. यांपेक्षा मला कलम २१६ चे उदाहरण महत्त्वाचे वाटते. अमुक घर माझ्यासाठी घे, असे एकाने अभिकर्त्याला सांगितले. अभिकर्त्याने ‘ते मिळत नाही’ असे कळवले आणि गुपचूप स्वतः विकत घेतले. मुख्य पक्षाला हे कळल्यावर, ज्या किमतीला त्याने घेतले त्याच किमतीला ते घर आपल्याला विकायला तो त्याला भाग पाडू शकतो. येथे ‘फसवणूक’ हा शब्द पुरा पडत नाही. कर्तव्याचा गाभा हा की अभिकर्त्याने मुख्य पक्षाचे काम हाती असताना स्वतःचा फायदा मुख्य पक्षाच्या फायद्याच्या आड येऊ देऊ नये, आणि मसुद्यात ‘प्रामाणिकपणे काम करील’ अशा गुळगुळीत वाक्याऐवजी हेच लिहावे.

दुसऱ्या कलमाचा पाया कलम २३०. सामान्य नियम असा की मुख्य पक्षाच्या वतीने केलेल्या कराराने अभिकर्ता स्वतः बांधला जात नाही आणि तो करार स्वतःच्या नावाने बजावूनही घेऊ शकत नाही. पण तीन प्रसंगी उलट गृहीत धरले जाते: परदेशी राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री केली असेल तेव्हा, मुख्य पक्षाचे नाव उघड केले नसेल तेव्हा, आणि नाव उघड केले तरी त्याच्यावर दावा लावता येत नसेल तेव्हा. अभिकर्ता व्यक्तिशः जबाबदार असेल तेथे कलम २३३ नुसार तिसरी व्यक्ती त्याला, मुख्य पक्षाला किंवा दोघांनाही धरू शकते. आणि अधिकार नसताना ‘मी अमक्याच्या वतीने बोलतो’ असे सांगून ज्याने करार केला, त्याच्याविषयी कलम २३५ आहे: तथाकथित मुख्य पक्षाने ते कृत्य मान्य केले नाही, तर होणारी नुकसानी त्यानेच द्यायची. अशा माणसाला कोणी ‘तोतया’ म्हणतात, पण तोतया दुसऱ्याचे रूप घेतो. हा आपल्याच नावाने वावरतो, खोटा असतो तो त्याचा अधिकार. त्याला ‘विनाअधिकार अभिकर्ता’ म्हणावे.

मुख्य पक्षाने मागाहून मान्यता दिली तर काय, यासाठी पुस्तकी शब्द ‘अनुसमर्थन’ आहे. कचेऱ्यांतला ‘कार्योत्तर मंजुरी’ हा शब्द मला अधिक स्पष्ट वाटतो, कारण आधी काम आणि मग मंजुरी हा क्रम त्यात दिसतो. मात्र कलमात दोन गोष्टी जोडाव्यात: ही मंजुरी मिळाली की ते कृत्य आरंभापासून अधिकारानेच केल्यासारखे होते, आणि व्यवहाराचा सोयीचा भाग मंजूर करून गैरसोयीचा सोडून देता येत नाही. पहिली गोष्ट कलम १९६ मध्ये, दुसरी १९९ मध्ये आहे.

राहता राहिला नेमणूक रद्द करण्याचा भाग. तेथे ‘अभिकर्त्याचा अधिकार रद्द केला आहे’ एवढे वाक्य अपुरे पडते. कलम २०८ प्रमाणे तो अधिकार अभिकर्त्यापुरता संपतो तो त्याला कळल्यावर, आणि तिसऱ्या व्यक्तींपुरता संपतो तो त्यांना कळल्यावर. तोपर्यंत काढून टाकलेल्या अभिकर्त्याने केलेला व्यवहारही मुख्य पक्षाच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून त्या कलमात रद्द करण्याच्या क्रियेइतकेच ‘कळवणे’ या क्रियापदाला स्थान द्यावे: कोणी, कोणाला आणि कशा रीतीने कळवायचे, हे सांगणारी दोन वाक्ये आणखी लिहावीत.