घाट उतरताना ब्रेक लागेनात तर आधी काय करायचं?

तुम्ही विचारलंय की नुकतीच गाडी शिकलोय, घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला जायचंय, घाटात ब्रेक फेल झाले तर चावी फिरवून गाडी बंद करायची का हॅन्डब्रेक ओढायचा. तर पहिल्यांदा एवढंच, चावीला हात लावायचा नाही. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंग जातं, स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, जो काय थोडाफार ब्रेक उरलाय त्याला बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची मदत पण संपते आणि घाईत चावी पार बाहेर काढली तर स्टेअरिंग लॉक. मग वळणावर काय करणार?

मी साताऱ्याचा, आणि हे पुस्तकातलं सांगत नाय. काही वर्षांपूर्वी पाचगणीवरून वाईकडं पसरणी घाट उतरत होतो. मागं आत्या, तिची दोन नातवंडं, डिकीत स्ट्रॉबेरीचे बॉक्स. गाडी जुनी डिझेल, आणि माझी अक्कल अशी की उतारच आहे, डिझेल वाचंल म्हणून न्यूट्रल टाकून गाडी सोडलेली आणि प्रत्येक वळणाला नुसता ब्रेक दाबत होतो. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. आत्या म्हणाली काय जळतंय रे, मी म्हटलं पुढच्या ट्रकचं असंल. पुढची दोन वळणं गेली आणि पेडल स्पंजवर पाय ठेवल्यागत खाली गेलं, गाडी काय थांबंना.

तेव्हा मी पेडल पटापट पाचसहा वेळा पंप केलं, त्यानं थोडा ब्रेक धरला. मग गिअर. न्यूट्रलमधून एकदम पहिला टाकायला जाऊ नका, पडतच नाही, आणि पडला तर चाकं घसरू शकतात. मी ॲक्सिलेटर जरा देऊन तिसरा टाकला, इंजिन बोंबललं पण गाडीला लगाम बसला, मग दुसरा. वेग वीसपंचवीसवर आल्यावर हॅन्डब्रेक, तो पण बटण दाबून धरून थोडा थोडा ओढत. एकदम खेचला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी गोल फिरते, बटण दाबलेलं असलं की घसरतेय वाटल्यावर लगेच सोडता येतो. शेवटी डोंगराच्या बाजूला गटाराकडच्या मातीत डावी चाकं घातली आणि थांबली. आत्यानं पहिल्यांदा उतरून चाकाखाली दगड लावला, मला सुचलं पण नव्हतं.

झालं काय तर सारखा ब्रेक दाबून डिस्क तापल्या आणि ती गरमी ब्रेक ऑईलपर्यंत गेली. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळं तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत जातच नाही. हे ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 3 जातीचं ब्रेक ऑईल ताजं असताना 205 डिग्रीच्या पुढं उकळतं, ओलावा मुरला की 140 च्या आसपासच. म्हणून बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण 2 वर्षांनी बदला असं असतं. माझं कधी बदललेलं ते मलाच आठवत नव्हतं, वाईच्या मेकॅनिकनं काढलं तेव्हा काळ्या चहासारखं होतं. त्यानं नवीन भरून एअर काढली आणि पेडल परत कडक.

सगळे ब्रेक फेल असेच नसतात. लाईन फुटून ऑईल गळालं तर पेडल पटकन खाली जातं, पण कारमध्ये दोन वेगळ्या लाईनी असतात, एक गेली तरी दुसरी चालू असते, त्यामुळं पाय सोडू नका, तळापर्यंत दाबा. उलट पेडल दगडासारखं कडक झालं तर बूस्टर गेलाय, ब्रेक आहेत पण पायाचा सगळा जोर लावायला लागतो. आणि एक फालतू वाटंल असं कारण, सीटखालची पाण्याची बाटली घरंगळत पेडलखाली येते. घाटात पुढं बाटली ठेवू देऊ नका कुणाला.

ऑटोमॅटिक असंल तर चालत्या गाडीत पी (पार्किंग) वर टाकायचं नाही, एल (लो गिअर) किंवा मॅन्युअल मोडमध्ये एकेक गिअर खाली आणायचा. हॅन्डब्रेकच्या जागी बटण असंल तर बऱ्याच गाड्यांत ते ओढून धरून ठेवलं की गाडी स्वतः ब्रेक लावते, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघून घ्या.

हॉर्न आणि चारी इंडिकेटर चालूच ठेवायचे. काहीच जमंना तर डोंगराच्या भिंतीला, कठड्याला गाडी घासत न्यायची, दरीपेक्षा पत्रा गेलेला परवडला. पण आधी गिअरनं वेग पाडा, 60 चा 30 झाला की धडकेचा जोर पाव राहतो. हायवेला असाल तर डावीकडं घेत घेत शेतातली मऊ माती नायतर चढाचा रस्ता बघायचा, तिकडं सांगलीच्या बाजूला सपाट रस्त्याला तर नुसते गिअर पाडत आलं तरी थांबते.

आमच्या शेजारचे काका एसटीवर ड्रायव्हर होते, ते म्हणायचे ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. पसरणी असू दे, केळघर असू दे, दुसऱ्या तिसऱ्यावर उतरा, मागचा हॉर्न मारतोय तर मारू दे, जागा बघून त्याला पुढं सोडा. जायच्या आधी मोकळ्या मैदानात 20 च्या स्पीडला हॅन्डब्रेक हळूहळू ओढून बघा, हाताला अंदाज येतो.

आणि वास आलाच तर रुंद जागा बघून अर्धा तास थांबायचं, गरम डिस्कवर पाणी ओतायचं नाही, तडकू शकते. मी ओतायला बाटली उघडली पण होती, मागून आलेला ट्रकवाला खिडकीतून असा काय ओरडला की आत्याच्या हातातली स्ट्रॉबेरी खाली पडली.