ई-सिगारेटमध्ये पॉडवरून ड्रिपिंगला यायचं आहे. मेक मॉड घेऊ का, आणि एका वेळी किती थेंब टाकायचे?

मेक मॉड, म्हणजे चिप नसलेली सेलची धातूची नळी, घेऊ नका. थेंबांचं नंतर बघू, ते हाताला लगेच कळतं.

तुम्ही लिहिलंय की मँचेस्टरला असता, सिगारेट सोडून पॉडवर, म्हणजे आयत्या कॉईलच्या छोट्या ई-सिगारेटवर आलात, आता पॉडची चव पाणचट लागते, आणि दुकानातल्या पोरानं सांगितलं की खरं ड्रिपिंग मेक मॉडवरच होतं. हे ‘खरं ड्रिपिंग’ आमच्या घरात इतक्यांदा ऐकून झालंय की प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही. उघड्या कॉईलमधल्या कापसावर थेंब टाकून ओढणं म्हणजे ड्रिपिंग. खाली धातूची नळी आहे की चिपवाला डबा, याचा चवीशी काडीचा संबंध नाही. चव ठरते कॉईल, कापूस आणि हवेच्या भोकावर, आणि हे तिन्ही आरडीएत, म्हणजे वर चढवायच्या ड्रिपरमध्ये असतात, मॉडमध्ये, म्हणजे खालच्या सेलच्या भागात नसतात. चिपवाला मॉड रोध मोजतो, शॉर्ट दिसला तर पेटतच नाही, सेल उतरला की थांबतो. मेक मॉडमध्ये सेल, बटण आणि नळी, बास. मध्ये अडवणारं कोणी नाही.

मी मूळचा इचलकरंजीचा. तिथं मोटर रिवायंडिंग करत होतो. यंत्रमागाच्या जळक्या मोटारी यायच्या. आधी वास घ्यायचा, मग सिरीज बोर्डवर लावून बघायचं, मग मेगर. जुनी वायर कापून काढताना टर्न मोजायचे, मायक्रोमीटरनं गेज बघायचा, वहीत लिहायचं आणि मगच नवी वायर स्लॉटमध्ये भरायची. बायकोला इथं नर्सची नोकरी लागली म्हणून कॉव्हेंट्रीला आलो, आता एका गोदामात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. सिगारेट माझी ड्रिपिंगमुळेच सुटली, हे मी छाती ठोकून सांगतो. पॉडनं सुटत नव्हती, कारण पॉडमध्ये हाताला काम नाही. संध्याकाळी बसून कॉईल गुंडाळायची, कापूस भरायचा, थेंब टाकायचे, यात सिगारेटची जागा भरून निघाली. तेव्हा हा नाद फालतू आहे असं मी म्हणत नाहीये. उलट ज्याला नीट करायचाय त्यानं नीट करावा म्हणून एवढं लिहितोय.

बायकोचा धाकटा भाऊ बर्मिंगहॅमला असतो, आयटीत. तो माझ्या आधीपासून मेक मॉडवर. मी कॉईलचा रोध मोजायला ओहम रीडर घेतला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य, “दाजी, तुम्ही मोटारवाले. इथं एवढं मोजत बसायचं नसतं.” हे तो कौतुकानं म्हणत नव्हता. स्वतः मोजायचा तो साध्या मल्टिमीटरनं. आता एक ओहमच्या खालचा रोध साध्या मल्टिमीटरनं मोजणं म्हणजे अंदाजपंचे. त्याच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम भरतो. स्क्रीनवर ०.४ दिसलं आणि कॉईल खरी ०.१५ची निघाली, असं सहज होतं. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा. ०.४ ओहमला साडेदहा अँपिअर, ०.१५ला २८. मॉडमधल्या चांगल्या १८६५० मापाच्या सेलची सलग देण्याची ताकद २०-२५ अँपिअरच्या आसपास असते. सेलच्या कागदावर ३५-४० छापलेलं असलं तरी त्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. वायरचंही तेच. इथं मिळणाऱ्या कॉईलच्या वायरीवर अमेरिकन गेज असतो. आपण गावाकडं शिकलो तो ब्रिटिश, एसडब्ल्यूजी. २६ नंबर अमेरिकन म्हणजे ०.४० मिलिमीटर, २६ नंबर ब्रिटिश म्हणजे ०.४६च्या जवळ. नंबर तोच, टर्न तेवढेच, आणि रोधात सव्वापटीचा फरक. मोजायचं नसतं म्हणे.

एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला होता. येताना कुणा मित्राचा वापरलेला आरडीए घेऊन आला. कॉईल बसवल्या, कापूस भरला, भिजवला, आणि आमच्या ओट्याशी उभा राहून तो आपल्या नळीवर चढवला. बटण दाबलं. वाफ आली नाही. पुन्हा दाबलं, या वेळी धरून ठेवलं. मी भांडी पुसत होतो, माझं लक्ष त्याच्या चेहऱ्यामुळं गेलं. “दाजी, तापतंय.” बोट उचललं तरी बटण आतच. मी म्हटलं बाहेर टाक, आधी टाक. मागचं दार उघडं होतं म्हणून बरं. नळी फरशीवर आपटली, दोन-चार क्षणांत बुडाच्या भोकांतून फुस्स करून पांढरा धूर निघाला आणि एक गोडसर, घशाला लागणारा वास घरात शिरला. बायको मुलीला घेऊन वर पळाली. त्या नळीला भोकं होती म्हणून वायू निघून गेला. भोकं नसलेल्या नळीत तोच वायू कोंडला असता तर काय झालं असतं, ते मी इथं लिहीत नाही.

त्याच्या तळव्यावर फोड आला, बाकी काही नाही. नळी पूर्ण गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग मी ती उघडली. बटणाची स्प्रिंग तापून बसली होती, म्हणून बटण सुटलं नव्हतं. सेल काळा पडलेला. आणि आरडीएची वरची टोपी काढली तर आत कापूस पांढराशुभ्र, ओला, कॉईलवर डाग नाही. मी त्याला तिथंच म्हटलं, बघ, करंट कॉईलपर्यंत आलाच नाही.

मग आरडीए उलटा केला. खाली मॉडवर बसणारा ५१० मापाचा आटा असतो आणि आट्याच्या मधोमध पॉझिटिव्ह पिन. त्याची नळी हायब्रिड होती, म्हणजे सेलचं वरचं टोक थेट आरडीएच्या बुडाला टेकतं, मध्ये दुसरा काँटॅक्ट नाही. अशा नळीवर पिन आट्याच्या कडेपेक्षा स्पष्ट बाहेर आलेली लागते. मी स्टीलची पट्टी आट्यावर आडवी धरली. पट्टी कडेलाही टेकली आणि पिनलाही टेकली, खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. म्हणजे सेलचं पॉझिटिव्ह टोक पिनला लागलं तसंच आट्याच्या कडेलाही लागलं. कड म्हणजे निगेटिव्ह. बटण दाबल्याक्षणी डेड शॉर्ट.

मेहुण्याचं आजतागायत एकच म्हणणं, सेल डुप्लिकेट होता. दिवाळीला सासूबाईंशी व्हिडिओ कॉल चालू असताना त्यांच्यापुढंही हेच. सासूबाईंना यातलं काही कळत नाही, पण त्यांनीही मान डोलावली. इथं लिहून ठेवतो. सेल खराब असता आणि जोडणी बरोबर असती, तर कॉईल निदान कोमट झाली असती, कापूस थोडा तरी पिवळा पडला असता, थोडी वाफ आली असती. यातलं काहीच झालं नाही. आणि समजा सेल डुप्लिकेट होता. डुप्लिकेट सेल शॉर्टमध्ये सहसा कमी करंट देतो. अस्सल असता तर जास्त दिला असता आणि नळी आणखी लवकर तापली असती. त्यामुळं ‘पुढच्या वेळी चांगला सेल घेतो’ हा त्यातून काढलेला धडा उलटा आहे. तो आरडीए माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. मी तो मुद्दाम टाकलेला नाही.

आता तुमचं.

चिपवाला मॉड घ्या, एका सेलचा पुरे. आरडीए एका कॉईलचा घ्या, दोन पोस्टवाला, म्हणजे वायर कसायचे दोन खांब असलेला, डेकमध्ये, म्हणजे कॉईलखालच्या बैठकीत लिक्विड साठायला खोलगट जागा असलेला. हवेची भोकं अगदी बुडाशी असतील तर जास्त थेंब पडले की तिथून गळतं, म्हणून थोडी वर असलेली बघा. वायर कँथल या मिश्रधातूची, २४ नंबर अमेरिकन. ३ मिलिमीटरच्या दांडीवर सहा टर्न घेतले की साधारण अर्धा ओहम येतो. तरी मॉड काय दाखवतो ते बघाच. कॉईल पोस्टमध्ये कसली की वायरीची टोकं अगदी मुळाशी कापा, नाहीतर टोपीला टेकतात. मग कापूस न घालता कमी वॉटवर हलके हलके पेटवा. कॉईल मधून लाल होत कडेला गेली पाहिजे. एकाच टर्नवर ठिणगीसारखा ठिपका दिसला तर सिरॅमिकच्या चिमट्यानं तिथं खरवडा, पुन्हा पेटवा. याला घाई करू नका, निम्मी चव इथं ठरते.

कापूस. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी ओढताना हाताला जेवढं लागतं, तेवढ्याच अडथळ्यानं तो कॉईलमधून सरकला पाहिजे. सैल असला की कोरडा पडतो, फार घट्ट असला की लिक्विड ओढत नाही. शेपट्या डेकच्या भिंतीपर्यंत कापा, टोकं सुईनं थोडी मोकळी करा आणि खाली बसवा, पण हवेच्या वाटेत येऊ देऊ नका.

पहिल्यांदा कापूस पूर्ण भिजवायचा, कोरडा पांढरा भाग कुठेच दिसता कामा नये. त्यानंतर एका वेळी चार-सहा थेंब, मग चार-पाच झुरके. चव पातळ वाटली की थेंब टाका. जळकट चव येईपर्यंत थांबू नका, कोरडा कापूस तापला की लिक्विड करपतं आणि फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. गुडगुड आवाज आला किंवा तोंडात गरम थेंब उडाला तर जास्त झालंय, टिश्यूनं टिपा. २५-३० वॉटला सुरू करा, मग वाढवायचं तर वाढवा.

लिक्विड मात्र पॉडचं वापरू नका, हे विसरू नका. पॉडमध्ये तुम्ही मिलीला २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट ओढत असाल, यूकेत कायद्यानं तीच कमाल मर्यादा आहे. ड्रिपरमध्ये एका झुरक्याला त्याच्या कित्येक पट लिक्विड वाफ होतं. तेच २० टाकलंत तर डोकं गरगरेल, उलटी होईल. ड्रिपिंगला ३ मिलिग्रॅम, आणि व्हीजी, म्हणजे ग्लिसरीन, ७० टक्के. इथं निकोटिनची बाटली १० मिलीच्या वर विकता येत नाही, म्हणून निकोटिन नसलेलं ५० मिलीचं शॉर्टफिल, म्हणजे मुद्दाम थोडी रिकामी ठेवलेली बाटली घ्यायची आणि त्यात १८ मिलिग्रॅमचा १० मिली निकोटिन शॉट ओतायचा. ६० मिली होतं, तीन मिलिग्रॅमचं. हलवून ठेवा.

गाडी चालवताना ड्रिपिंग करू नका. टोपी काढून थेंब टाकायला दोन हात लागतात. बाहेर असताना मी पॉडच वापरतो.

सेलचं प्लास्टिकचं वेष्टन कुठं फाटलं असेल तर तो सेल तसाच वापरायचा नाही, नवीन वेष्टन चढवायचं किंवा रिसायकलला द्यायचा. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात कधीच नाही, डबीत ठेवा. मेहुण्यानं एवढं होऊनही पुन्हा नळीच घेतली आहे. निदान आता लांब पिनचा आरडीए लावतो, पण विचारलं तर म्हणतो डिझाइन आवडलं म्हणून.

तुम्ही हे सिगारेटच्या जागी घेताय म्हणून मी सांगतोय. तुमच्या घरात किंवा रूमवर जो सिगारेट ओढत नाही, त्याच्या हातात गंमत म्हणून देऊ नका. एनएचएसचंही, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचंही म्हणणं तेच आहे, सिगारेटपेक्षा कमी घातक, पण निर्धोक नाही, आणि न ओढणाऱ्यानं सुरू करू नये. निकोटिनची बाटली लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ती पोटात जाणं हे खरंखुरं विष आहे, आणि बाटल्यांवर फळांची चित्रं असल्यामुळं पोरं हात घालतात. आमच्याकडं कपाटाला कुलूप आहे.

भारतात जाताना यातलं काहीही बॅगेत घालू नका, रिकामा मॉडसुद्धा नाही. सप्टेंबर २०१९च्या अध्यादेशापासून आणि नंतरच्या कायद्यानं ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवणूक सगळ्यावर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुट्टीला गेलो की मी २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम वापरतो, तो तिकडे मेडिकलमध्ये मिळतो.