पडदा, सतरंजी, बाज: वाचकांचे प्रश्न

*हातमागाच्या आणि हाताने विणलेल्या वस्तूंनी घर सजवण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.*

प्रश्न: आमचं घरकुल यंदा पूर्ण झालं. दोन खोल्या, वर स्लॅब, खाली टाइल्स. घरात बोललं की आवाज घुमते. दुपारून पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट दिवाणवर येते. एकदम सगळं घ्यायला पैसे नाहीत, पण घर शांत वाटावं असं वाटते. सुरुवात कशापासून करू?
(एक भगिनी, ता. आर्वी, जि. वर्धा)

ताई, पडद्यापासून करा. नुसतं प्लास्टर आणि टाइल्स आवाज परतवतात, चुणीदार जाड सुती कापड तो बराच शोषून घेतं. खोलीत एक पडदा आणि एक सतरंजी आली की घुमणं कमी झाल्याचं त्याच दिवशी कळेल. उन्हाचं मात्र थोडं वेगळं आहे. आतला पडदा चकाकी अडवतो, पण काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याची ताटी लावा, आणि आतून पडदा.

मापाचा हिशेब असा. खिडकी 4 फूट रुंद, 4 फूट उंच धरू. दांडी 5 फुटांची घ्या, चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर आणि चौकटीपासून सहा इंच वर. पडदा चौकटीच्या खाली आणखी सहा इंच उतरला पाहिजे. म्हणजे लांबी 60 इंच. वर दांडीच्या घडीला 3 इंच, खाली दुमडीला 4 इंच, झाले 67. हातमागाचं कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं, त्यासाठी शेकडा आठ धरा. एका भागाला 73 ते 74 इंच लागतील. असे दोन भाग, म्हणून 45 ते 48 इंच पन्ह्याचं 4 मीटर कापड आणा. दांडीच्या दीडपट रुंदी जाड खादीला पुरते. पातळ कापड असेल तर दुप्पट लागते, नाहीतर चुणी पडत नाहीत आणि पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो.

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो: कापड आणलं आणि तसंच टेलरकडे दिलं. पडदा शिवून येतो, दिसतोही छान, आणि पहिल्या धुण्यात चार-पाच इंच वर चढतो. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट ओढलेला असतो, शिवाय सुताला खळ असते. पाण्यात खळ निघून जाते, ताण सुटतो आणि सूत आखडतं. म्हणून कापण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा.

कापतानाही घाई नको. हातमागाच्या कापडाचं टोक सरळ असेलच असं नाही. टोकापाशी काठाला बारीक चीर द्या, आडवा एकच धागा नखाने धरा आणि हळूहळू ओढा. धागा निघत जातो तशी कापडावर केसाएवढी बारीक फट उमटते, या काठापासून त्या काठापर्यंत. कात्री त्या फटीवरून चालवा. अशा रेषेवर कापलेला पडदा खाली सरळ लोंबतो. टेप लावून अंदाजाने कापलेला एका कोपऱ्यात ओढ खातो, मग कितीही इस्त्री करा. खालची दुमड पहिलं धुणं होईपर्यंत हाताने, लांब टाक्यांनी घाला. मशीनची शिलाई नंतर.

रंगाबद्दल आमचं मत ठाम आहे: मुख्य कापड कोऱ्या रंगाचं, म्हणजे न धुवटलेल्या कापसाचा असतो तो, आणि त्यासोबत एकच दुसरा रंग. आपल्याकडे भिंती बहुधा पोपटी, आकाशी किंवा गुलाबी असतात. त्यावर चार रंगांचे पडदे लावले की डोळ्याला उसंत मिळत नाही. हळदीने रंगवलेलं कापड पश्चिमेला लावू नका, उन्हात हळद उडते. नीळ बरीच टिकते. कुठल्याही रंगीत पडद्याला मागून मांजरपाटाचं अस्तर लावलं तर उन्हाचा मारा आधी अस्तर घेतं. अस्तरसुद्धा आधी भिजवायचं, नाहीतर ते आटून पडदा फुगतो. कूलरची हवा थेट पडद्यावर येत असेल तर पडदा बाजूला बांधून ठेवा. सतत दमट राहिलेल्या सुतावर काळे ठिपके येतात, आणि ते जात नाहीत.

आर्वीहून सेवाग्राम दूर नाही. बापू कुटीत एकदा निवांत बसून या. चटई, बुटकं मेज, मातीची भिंत, आणि मधली मोकळी जागा. काय घ्यायचं याच्याइतकंच काय घ्यायचं नाही हे तिथे कळतं. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे, 1938 साली सुरू झालेलं. खादी हातात घेऊन पाहायला तिथेही जा.

प्रश्न: लाल, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची सतरंजी घेतली. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यात उतरला. मीठ-तुरटी टाकली तरी उपयोग नाही. आता काय?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

भाऊ, मीठ रंगवतानाच्या भांड्यात कामाचं असतं. तिथे ते रंगाला सुताकडे ढकलतं. एकदा सूत रंगून वाळलं की मिठाने कच्चा रंग पक्का होत नाही. रंग चांगला असेल तर सुतावर वरवर राहिलेला जादा रंग दोन-तीन धुण्यांत निघतो आणि पाणी स्वच्छ येतं. पाचव्या-सहाव्या धुण्यालाही पाणी लालच आलं तर रंग मुळात कच्चा आहे. अशी सतरंजी यापुढे फक्त झटकून, ऊन दाखवून वापरा.

पांढऱ्यात उतरलेला रंग ओला असेपर्यंतच निघण्याची आशा असते. वाळू न देता लगेच भरपूर गार पाण्यात, पाणी बदलत खळबळायचं. भिजत ठेवायचं नाही. भिजत ठेवल्यानेच एका पट्टीचा रंग दुसरीत बसतो. पुढच्या वेळी दुकानातच पांढरा रुमाल ओला करून प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. रुमाल रंगला तर ती सतरंजी ठेवून द्या.

वाळवण्याबद्दलही लिहितो, कारण इथेच बऱ्याच सतरंज्या वाकड्या होतात. ओली सतरंजी फार जड असते. एका दोरीवर टाकली की मधे ताणली जाते आणि चौकोनाचा आकार जातो. बाजेवर आडवी पसरा. काळ्या मातीची धूळ काढायची तर सतरंजी उलटी टाकून पाठीवर काठीने हलके ठोका, धूळ आपोआप खाली पडते. घरात शेणाने सारवलेली जमीन असेल तर खाली शिंदीची चटई घाला आणि पावसाळ्यात दर दोन दिवसांनी दोन्ही उचला. ओलीत सुताला उधई कधी लागली ते कळतही नाही.

प्रश्न: जुन्या लोखंडी पाइपच्या बाजेला सुती नवार विणायची आहे. किती लागेल? आधी विणलेली महिन्यातच झोळ झाली.
(एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

बाज 6 बाय 3 फूट आणि नवार अडीच इंची धरली तर उभ्या साधारण 14 पट्ट्या, आडव्या 28. दोन्ही मिळून 168 फूट, त्यात पाइपभोवतीचे वेढे धरून 60 मीटर घ्या. आधी चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरपी आहे, कितीही घट्ट विणा, एका बाजूला झोळ येणारच. उभ्या पट्ट्या आधी ओढून घ्या, मग आडव्या एक वर एक खाली. शेवटचं टोक शिवू नका, गाठ मारा. सुती नवार वापराने थोडी लांबतेच, म्हणून पंधरा दिवसांनी गाठ सोडून एका टोकापासून पुन्हा ओढत आणावी लागते. तुमची झोळ बहुधा तिथेच राहिली.

प्रश्न: बांबूची टोपली उलटी टांगून दिव्याला शेड केली. छान दिसते, पण खाली रोज पिवळा भुसा पडतो.
(एक भगिनी, ता. धानोरा, जि. गडचिरोली)

ताई, तो घुण आहे. बांबूत पिठूळ अंश असतो, तो खायला हा किडा आत शिरतो आणि भुसा बाहेर टाकतो. कोवळा किंवा अवेळी तोडलेला बांबू त्याला जास्त आवडतो. पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेल्या पक्क्या बांबूला त्रास कमी. बुरडाकडून टोपली घेताना बांबू कधीचा आहे हे विचारायला हरकत नाही.

उपाय: 1 लिटर पाण्याला 30 ग्रॅम बोरॅक्स आणि 20 ग्रॅम बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवा. टोपली पूर्ण बुडेल इतकं पाणी करून 24 तास बुडवून ठेवा, वर दगड ठेवा, नंतर सावलीत वाळवा. हातमोजे घाला, पाणी लेकरं आणि जनावरांपासून दूर ठेवा. भाकरीच्या टोपलीला, सुपाला हा उपाय कधीच करायचा नाही. त्यांना उकळतं पाणी आणि कडक ऊन एवढंच. शेडमध्ये 5 ते 7 वॅटचा एलईडीच लावा. जुना पिवळा बल्ब तापतो, आणि वाळलेला बांबू पेट घेऊ शकतो.

प्रश्न: सासूबाईंची करवती काठाची कोशाची साडी घडीवर फाटली आहे. त्याचे उशांचे अभ्रे किंवा पडदे होतील का?
(एक भगिनी, ता. मोहाडी, जि. भंडारा)

पडदे नको. कोसा म्हणजे टसर रेशीम, ते उन्हात लवकर कमजोर होतं. अभ्रे जरूर करा, पण रोज डोक्याखाली घ्यायच्या उशीचे नाही, दिवाणवरच्या छोट्या उशांचे. काठाचे करवतीसारखे दाते आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवून विणलेले असतात. ते मधून कापले तर मोल जाईल, म्हणून काठ अभ्र्याच्या एका कडेने सलग ठेवा.

16 इंची उशीला पुढचा तुकडा 17 बाय 17, मागे 17 बाय 12 चे दोन तुकडे. मागच्यांची एकेक कड इंचभर दुमडली की ते एकमेकांवर 5 इंच चढतात, चेन लागत नाही. फाटकी घडी मागच्या बाजूलाही येऊ देऊ नका. जुन्या कोशाला मागून मऊ मलमलचं अस्तर हाताने टाचून घ्या, म्हणजे शिलाईचा ताण मलमल घेते. मलमल आधी भिजवलेली हवी. कडा इंटरलॉक करून घ्या, हे सूत पटकन सुटतं.

धुणं वर्षातून एकदा, गार पाण्यात रिठ्याच्या फेसाने, न चोळता. काठ सुती आणि अंग कोशाचं असल्याने दोन्ही सारखे आटत नाहीत. काठापाशी चुण्या आल्या तर दमट असतानाच, वर सुती फडकं ठेवून इस्त्री करा. उरलेली साडी पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी घडी बदला. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर तो वाळवून, वेगळ्या पुरचुंडीत बांधून; थेट कोशाला लागला की डाग पडतो.